विज्ञानकथावेड्याचा आठवडा आणि तीन प्रकारचे ‘नाही’

तुमच्या घरात, वर्गात किंवा ऑफिसात असा एक जण नक्की असतो. ‘इंटरस्टेलर’ चार वेळा बघितलेला, रॉकेटचं उड्डाण बघायला रात्री जागणारा, आणि जेवताना “पण समजा...” अशी सुरुवात करून सगळ्यांची आमटी थंड करणारा. कदाचित तो जण तुम्हीच असाल. अशा माणसाला कायम दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे “हे सगळं काल्पनिक असतं रे”. दुसरं म्हणजे “हे तर परदेशात कधीच केलंय, मला फॉरवर्ड आलाय”. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी एक काम केलेलं नसतं, ते म्हणजे आकडेमोड.

आज आपण ती करू. सोमवार ते रविवार रोज एक कल्पना घेऊ आणि ती कुठे अडते ते बघू. कारण रिसर्चमध्ये पडल्यावर एक गोष्ट लवकर कळते. “हे शक्य नाही” या वाक्यातला ‘नाही’ एकाच प्रकारचा नसतो. मला तीन प्रकार दिसतात.

पहिला निसर्गाचा ‘नाही’. इथे नियमच आडवा येतो, तुम्ही कितीही पैसे ओता.

दुसरा मालाचा ‘नाही’. नियमाची हरकत नसते, पण तसा पदार्थ किंवा तसं यंत्र आपल्याकडे नसतं.

तिसरा माणसांचा ‘नाही’. सगळं हाताशी असतं, पण ते कुणासाठी करायचं आणि खर्च कुणी करायचा हे ठरत नाही.

या तिघांची गल्लत झाली की दोन्हीकडून नुकसान होतं. पहिल्याला दुसरा समजलं तर माणूस आयुष्यभर भिंतीवर डोकं आपटतो. तिसऱ्याला पहिला समजलं तर करता येण्यासारखं कामही कुणी करत नाही.

सोमवार : कालप्रवास

सुरुवात खिशातल्या वस्तूने करू. मोबाइलच्या नकाशावर तुमचा निळा ठिपका दिसतो तो जीपीएस उपग्रहांमुळे. हे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर, ताशी १४,००० किलोमीटर वेगाने फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार वेगाने जाणारं घड्याळ हळू चालतं. त्यामुळे हे घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. पण वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून ते सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढेही जातं. गोळाबेरीज : रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे.

एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण जीपीएस अंतर मोजतं ते प्रकाशवेगाने येणाऱ्या संदेशाच्या वेळेवरून, आणि ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित हळू लावून वर पाठवतात.

म्हणजे भविष्याकडे किंचित ‘आधी’ पोचणं ही रोजची इंजिनिअरिंगची बाब आहे. अंतराळ स्थानकात सहा महिने राहून आलेला माणूस आपल्यापेक्षा काही मिलीसेकंद तरुण असतो. भूतकाळात परत जाण्याचा असा एकही हिशोब मात्र कुणाच्या हाती लागलेला नाही. पुढे जायला ‘हो’, मागे यायला बहुधा पहिला ‘नाही’.

मंगळवार : मंगळावरून व्हिडिओ कॉल

वाराला साजेसा विषय. मंगळ जवळ असतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर, आणि लांब असतो तेव्हा चाळीस कोटींवर. प्रकाशाला एका बाजूने जायला ३ ते २२ मिनिटं लागतात. “हॅलो, ऐकू येतंय का?” विचारलंत तर “हो” यायला कमीत कमी सहा मिनिटं. सिनेमातला मंगळावरचा नायक पृथ्वीशी गप्पा मारताना दिसला की समजा, इथे पहिल्या ‘नाही’कडे सोयीस्कर दुर्लक्ष झालंय.

यातून मार्ग काढतात तो नियम मोडून नाही, तर नियम धरून. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा सगळ्या आज्ञा आधीच त्याच्या संगणकात भरून ठेवल्या होत्या. काही बिघडलं असतं तर बंगळुरूत ते कळायलाच बारा मिनिटांच्या आसपास वेळ गेला असता.

आता मंगळावरचं वादळ. ‘द मार्शियन’मध्ये वादळामुळे यान उलटायची वेळ येते. वाऱ्याचा दाब हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्यावर अवलंबून असतो. मंगळावरची हवा आपल्यापेक्षा साधारण ६० पट विरळ. ६० चं वर्गमूळ पावणेआठ. म्हणजे तिथला ताशी १६० किलोमीटरचा झंझावात अंगाला इथल्या ताशी २० किलोमीटरच्या झुळुकेसारखा लागेल. छत्रीसुद्धा उलटायची नाही. लेखक अँडी वीअर यांनीही ही सवलत घेतल्याचं मान्य केलंय. कथेला एवढं माफ.

बुधवार : कृष्णविवराजवळचा एक तास

‘इंटरस्टेलर’मध्ये एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. हे गुणोत्तर काढा : ७ गुणिले ३६५ गुणिले २४, म्हणजे ६१ हजारांच्या वर. निसर्ग एवढी सूट देतो का?

स्वतःभोवती न फिरणारं कृष्णविवर घेतलं तर नाही. त्याच्याभोवतीच्या सर्वांत आतल्या स्थिर कक्षेत हे गुणोत्तर फक्त १.४१ असतं. तुमचा एक तास म्हणजे दूरच्या माणसाचे सुमारे ८५ मिनिटं. आणखी आत गेलात तर कक्षा टिकत नाही. सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांनी मग दुसरा हिशोब केला : कृष्णविवर स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरत असेल तर? तर जमतं. मात्र त्याचा फिरण्याचा वेग कमाल मर्यादेपेक्षा जेमतेम १०० लाख कोटींतल्या एका भागाने कमी असायला हवा. असं कृष्णविवर प्रत्यक्षात असण्याची शक्यता फारच कमी, पण नियमात बसतं. पटकथेसाठी केलेला हा हिशोब मला चांगल्या रिसर्चचा नमुना वाटतो. “नाही” म्हणण्याआधी त्यांनी “कोणत्या अटीवर हो?” असं विचारलं.

कृष्णविवर आणि मराठी यांचं नातं यापेक्षा बरंच जुनं आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तिच्यात ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की लेखक जयंत विष्णु नारळीकर आहेत. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली! ज्यांचं काम गुरुत्वाकर्षणावर होतं त्यांनी आपल्या नावाचं वजन बाजूला काढून ठेवलं होतं.

गुरुवार : आकाशात जाणारी लिफ्ट

आज जरा थांबू, कारण हा माझ्या पीएचडीच्या जवळचा विषय आहे. मी तंतू का तुटतात याचा अभ्यास करते.

कल्पना जुनी आहे. रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांनी १८९५ मध्ये आकाशापर्यंत जाणाऱ्या मनोऱ्याचा विचार मांडला. आर्थर सी. क्लार्क यांनी १९७९ मध्ये तिच्यावर ‘द फाउंटन्स ऑफ पॅराडाइज’ ही कादंबरी लिहिली. विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून तो एकाच जागी दिसतो. तिथून एक दोर खाली सोडायचा, समतोलासाठी एक वर सोडायचा, आणि त्या दोरावर लिफ्ट चालवायची. दोर विषुववृत्तावर उतरायला हवा म्हणून क्लार्क यांनी कादंबरीत श्रीलंका बेटच दक्षिणेकडे सरकवलं! ताशी २०० किलोमीटर वेगाने ही लिफ्ट वर पोचायला साडेसात दिवस लागतील, म्हणजे आपला हा आठवडा संपूर्ण प्रवासातच जाईल.

निसर्गाची याला काहीच हरकत नाही. मग अडतं कुठे? दोरावर.

एक सोपी कसोटी आहे. दोर उंचावरून लोंबता सोडा आणि लांबी वाढवत जा. कधीतरी तो स्वतःच्याच वजनाने तुटेल. ती लांबी किती? ताकद भागिले घनता, भागिले गुरुत्वीय त्वरण. दोर जाड केला तरी ही लांबी बदलत नाही, कारण जाडीबरोबर वजनही वाढतं. चांगल्या पोलादी तारेसाठी उत्तर येतं सुमारे २६ किलोमीटर. केव्हलारसाठी, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटातल्या तंतूसाठी, सुमारे २५५. वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी होतं हे धरूनही आपल्याला हवी आहे जवळजवळ ५,००० किलोमीटर.

यावर एक युक्ती आहे. दोर सगळीकडे सारखा न ठेवता, जिथे ताण जास्त तिथे, म्हणजे वर, जाड करत न्यायचा. पण किती जाड? केव्हलारच्या दोराचा वरचा छेद खालच्याच्या वीस-पंचवीस कोटी पट लागतो. पोलादाचं उत्तर तर एकावर ८० हून जास्त शून्यं असं येतं. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्याही साधारण तेवढ्याच शून्यांची सांगतात. थोडक्यात, पोलाद विसरा.

आणि कार्बन नॅनोट्यूब? इथे गंमत आहे. एकेकट्या नलिकेची ताकद काही प्रयोगांत पोलादी तारेच्या वीस-तीस पट भरली आहे, आणि ती पोलादापेक्षा कितीतरी हलकी. तेवढी ताकद धरली तर वरचा छेद खालच्याच्या चौपट केला तरी पुरतो. कागदावर लिफ्ट तयार! “नॅनोट्यूबमुळे अंतराळ लिफ्ट आता शक्य” अशा बातम्या इथूनच येतात.

फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारायचा : ही ताकद मोजली ती केवढ्या लांबीवर? या मापनांतले नमुने केसाच्या जाडीहूनही छोटे असू शकतात. एकेकटी अखंड नलिका वाढवण्यात आजवर मजल गेली आहे ती अर्ध्या मीटरच्या आसपास.

लांबीने एवढा काय फरक पडतो? ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवर जे काम प्रसिद्ध केलं त्यात याचं उत्तर आहे. त्यांना दिसलं, की जाड काचकांडी ज्या ताणाला तुटते त्याच्या सुमारे वीसपट ताण केसाहून बारीक काचतंतू सोसतो. काच तीच. फरक पडतो तो दोषांमुळे. प्रत्येक वस्तूत बारीक चिरा असतात, ताण त्यांच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून वस्तू फाटत जाते. वस्तू जेवढी छोटी तेवढी मोठी चीर सापडण्याची शक्यता कमी. जुनी सुतळी हाताने तोडून बघा. छोटा तुकडा दमवतो, पण लांब सुतळी झटकन तुटते, कारण एवढ्या लांबीत कुठेतरी एक विरलेली जागा असतेच.

आता असं धरा, की आपला दोर कमालीचा निर्दोष आहे आणि एका मीटरमध्ये घातक दोष असण्याची शक्यता लाखात एक आहे. ३५,७८६ किलोमीटर म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक मीटर. दोष झाले साडेतीनशेहून जास्त. तुटायला एक पुरतो.

म्हणून हा दुसरा ‘नाही’, मालाचा. आमच्यासारख्यांना पगार मिळतो तो या ‘नाही’वर काम करण्यासाठी. अनेक आखूड तंतू एकमेकांत गुंफून एका तंतूच्या दोषाचा भार शेजाऱ्यांवर कसा वाटायचा, दोष वाढण्याआधी तो कसा ओळखायचा, असे हे प्रश्न. लिफ्ट कदाचित कधीच होणार नाही. पण विमानाचे पंख आणि पवनचक्कीची पाती याच प्रश्नांच्या उत्तरांवर उभी आहेत.

शुक्रवार : २,४०० गावांतला टीव्ही

पुन्हा क्लार्कच, आणि पुन्हा तीच ३५,७८६ किलोमीटरची उंची. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात एक लेख लिहिला. त्या उंचीवर तीन स्थानकं ठेवली तर जवळजवळ सगळ्या जगाला संदेश पोचवता येतील, असा त्याचा गाभा. त्यांच्या स्थानकांत माणसं राहत होती. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. त्याआधी रेडिओचे व्हॉल्व्ह उडाले की बदलायला कुणीतरी लागणारच! पुढे इलेक्ट्रॉनिक्स आलं, मालाचा ‘नाही’ गळून पडला, आणि १९६४ मध्ये सिन्कॉम-३ हा पहिला भूस्थिर उपग्रह वर गेला.

मग उरला तिसरा ‘नाही’. हे तंत्र कुणासाठी?

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. नासाने एटीएस-६ हा उपग्रह वापरायला दिला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत इस्रोने टीव्ही संच बसवले. आपल्या मोठ्या शहरांपैकीही बऱ्याच ठिकाणी तेव्हा टीव्ही पोचलेला नव्हता. गावातली डिश तीन मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालायचे. शेती, आरोग्य आणि शाळेतल्या मुलांसाठीचे कार्यक्रम थेट अवकाशातून गावाच्या चौकात उतरत होते.

तेव्हा कोलंबोत राहणाऱ्या क्लार्क यांच्या घरीही इस्रोच्या इंजिनिअरांनी असाच एक संच बसवून दिला. ज्याने तीस वर्षांपूर्वी कागदावर ही कल्पना मांडली, त्याने ती आपल्या घरातल्या पडद्यावर बघितली.

वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. गावांचा पडदा काळा झाला. नियम तेच होते, जाळीची डिशही जागेवर होती. यातून आलेला अनुभव पुढे इन्सॅटच्या कामी आला, हे खरं. पण त्या गावातल्या मुलाला तेव्हा कुणी विचारलं असतं, की टीव्ही का बंद झाला, तर त्याचं उत्तर भौतिकशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

शनिवार : रोबॉट

आज सुट्टी, त्यामुळे थोडक्यात. ‘रोबॉट’ हा शब्द आला कारेल चापेक यांच्या १९२० च्या चेक नाटकातून. मूळ शब्द ‘रोबोता’, म्हणजे वेठ. मराठीत यंत्रमानव म्हटलं की यंत्र दिसतं. वेठबिगार म्हटलं असतं तर नाटक कशाबद्दल आहे ते लगेच कळलं असतं. आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४२ मध्ये रोबॉटसाठी तीन नियम लिहिले. लोक ते नियम पाठ म्हणून दाखवतात, पण त्यांच्या कथा बहुतेक वेळा ते नियम कुठे गोत्यात येतात याबद्दलच आहेत.

इथे प्रश्न उलटा होतो. निसर्ग ‘नाही’ म्हणत नाही, माल झपाट्याने तयार होतोय. मग एखाद्या यंत्राने माणसाबद्दलचा कोणता निर्णय घ्यायचा नाही, हे कुणी ठरवायचं? तिसरा ‘नाही’ नेहमीच वाईट नसतो. तो आपण लिहितो, म्हणून कधी तो पुसायचा असतो आणि कधी मुद्दाम लिहायचा असतो.

रविवार : तारे

आठवड्याचा शेवटचा हिशोब. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ मध्ये निघालं. ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातंय. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. यान त्या दिशेने चाललेलं नाही, पण चाललं असतं तर लागली असती सुमारे ७५ हजार वर्षं. प्रकाशाहून वेगाने जाता येत नाही हा पहिला ‘नाही’. प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाने जाणारं यान नाही हा दुसरा. आणि चाळीस-पन्नास वर्षांनी फळ देणाऱ्या मोहिमेला आज पैसे कोण देणार, हा तिसरा.

जाता येत नसलं तरी ऐकता येतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, साधारण २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. एवढी मोठी भरीव डिश वाऱ्यात टिकवायची तर पोलाद आणि खर्च दोन्ही अफाट. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, की ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्या लांब आहेत, मग भरीव पत्रा हवाय कशाला? त्यांनी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी वापरली. वारा आरपार जातो, लहर मात्र परावर्तित होते. १९ ऑक्टोबर २०१६ ला शियापरेली हे युरोपीय यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश थेट पृथ्वीवर ऐकला तो याच जाळीने. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, ही दुर्बीण लोकांसाठी खुली असते. एसटीने जाता येतं. नक्की जा.

आता पुढचा आठवडा तुमचा. आवडती कथा किंवा सिनेमा घ्या, त्यातला एकच आकडा निवडा : वेग, उंची, वजन, वेळ, काहीही. शाळेत शिकलेलं सूत्र आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. उत्तर आलं की कथा खरी की खोटी एवढ्यावर थांबू नका, ‘नाही’ कोणता ते लिहा. घरात कुणी दहावी-बारावीतलं असेल तर त्याला शेजारी बसवा. पुढे कशावर काम करायचं, या प्रश्नाचं उत्तर अशाच एखाद्या ‘नाही’त सापडतं. आणि जेवताना कुणी “पण समजा...” म्हणालं, तर आमटी थंड होऊ द्या, पण आकडा मात्र विचारा.